रिकामी गाडी आधी तोला

नुसतं बघून वजन सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. जिना चढून वर आले, पाणी प्याले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "बाई, तुमी बासष्ट भरता." मी कॉलेजात इतिहास शिकवणारी, पन्नाशीची बाई. परक्या माणसानं तोंडावर असं काही बोलावं याचा मला राग आला, आणि आकडा बरोबर होता याचा त्याहून जास्त आला.

विश्वंभर ढवळे त्यांचं नाव; पुढं मी त्यांना काका म्हणू लागले. मूळचे मंठ्याकडचे, शेतकरी घरातले. अंबडकडच्या एका साखर कारखान्यावर तीसेक वर्षं ते वजनकाट्यावर कारकून होते. उसाची भरलेली गाडी लोखंडी पाटावर उभी करायची, वजन घ्यायचं, ऊस उतरवून गाडी परतली की रिकामीचं वजन घ्यायचं, वजाबाकी करायची आणि शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. जन्मभर एवढंच केलं, असं ते सांगत. सांगताना मान मात्र ताठ असे.

काट्यावरच्या माणसावर कुणाचाच भरवसा नसतो, हेही तेच सांगत. "म्हणून मी काय करायचो, रोज सकाळी पैली गाडी घ्यायच्या आधी सोता काट्यावर उभा राह्यचो. सगळ्या गाडीवाल्यांसमोर. मी ऐंशी किलो. ऐंशी दाखवलं तर काटा बराबर. न्हाई तर गाडी घ्यायची न्हाई." या कामासाठी तीस वर्षं त्यांनी आपलं वजन म्हणे ऐंशीवरून हलू दिलं नाही. दिवाळीला लाडू एकच. काटा दहा-दहा किलोच्या टप्प्यानं आकडा दाखवायचा, तेव्हा दुसरा लाडू खपला असता, असं मी एकदा सुनावलं. "काट्याला खपला असता," काका म्हणाले, "मला न्हाई."

आमचा दप्तरखाना तेव्हा नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, एका आडत दुकानाच्या माडीवर होता. गावोगावच्या घरांतून मागून आणलेले मोडीतले कागद, निजामाच्या काळातल्या उर्दू पावत्या, पाटलांच्या घरातली पत्रं, आणि बायकांनी जात्यावर म्हटलेल्या ओव्यांच्या शंभरावर कॅसेटी. कितीतरी घरांत हे कागद चूल पेटवायला निघाले होते, तिथून मी ते उचलून आणले होते. वीस वर्षं गेली माझी त्यात. संस्था रीतसर नोंदवलेली, अध्यक्ष एक वकीलसाहेब, सचिव मी. हिशोबाची मला मनापासून शिसारी होती. आपण एवढं मोठं काम करतो, पैशाचं बघू पुढं, असा माझा खाक्या. पुढं म्हणजे कधी, हे मला कुणी विचारलं नव्हतं.

काका आले त्या दिवशी आमची वीज तोडलेली होती. एप्रिल महिना. डोक्यावर नऊ पंखे, नऊच्या नऊ गप्प. भिंतीला अकरा लोखंडी कपाटं. आपल्याकडे संस्थेला द्यायचं म्हटलं की माणूस कपाट देतो नाहीतर पंखा देतो, आणि त्यावर रंगानं नाव घालून घेतो, कै. अमुक यांच्या स्मरणार्थ. मी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. काकाही त्याच कामाला आले होते. बायको, कौसल्याबाई, वर्षापूर्वी गेली होती. तिच्या नावानं एक कपाट द्यायचं होतं.

घाम पुसत त्यांनी वर बघितलं आणि पात्यांवरची नावं एकेक करून वाचली. मग म्हणाले, "इतकी माणसं वर टांगलीत, अन् वारा कोणाचाच न्हाई."

मी काहीतरी सारवासारव केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, ही गाडी रिकामी किती भरती?"

"कुठली गाडी?"

"ही." त्यांनी खोलीभर हात फिरवला. "समजा महिनाभर एकबी कागद आला न्हाई, कोणी माणूस आला न्हाई, कारेक्रम न्हाई, चहा न्हाई. नुसतं कुलूप उघडायचं अन् लावायचं. तरी किती लागतंय?"

"अंदाजे..."

"अंदाजे न्हाई. उसाची गाडी अंदाजे भरती का?"

बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पावत्या कोंबलेल्या होत्या, तो डबा मी पुढं केला. काकांनी झाकण उघडलं, आत बघितलं, परत लावलं. "कपाट देत न्हाई सध्या," ते उठत म्हणाले. "आधी रिकामी गाडी तोलू. मी गुरुवारी येतो."

त्यानंतर दर गुरुवारी ते यायचे. धोतर नाही, पांढरा पायजमा आणि बाहीचं बटण लावलेला सदरा. पेनाचं टोपण हरवू नये म्हणून दोऱ्यानं पेनालाच बांधलेलं. बरोबर एक वाजता जेवण, ज्वारीची भाकरी आणि ठेचा, आणि जेवताना हिशोबाचा शब्द काढायचा नाही. रिकाम्या गाडीचं वजन काढायला आम्हाला पाच गुरुवार लागले. भाडं, वीज, डांबरगोळ्या, झाडायला येणाऱ्या बाईचा पगार, ऑडिटरची फी, धर्मादाय कार्यालयातल्या खेपा. मी विसरले तेही त्यांनी काढलं. "ही एवढी कपाटं आली, म्हणून तुमी पलीकडची खोली घेतली. मंग त्या खोलीचं भाडं कोण खाऊन राह्यलं? कपाट." शेवटी आकडा निघाला तो मी मनात धरला होता त्याच्या दुप्पट. वीस वर्षं मी भरलेली गाडी बघून खूश होत होते, हे त्या दिवशी मला कळलं, आणि कळून फार वाईट वाटलं.

मग त्यांनी मला पानावर तीन रकाने आखायला लावले. ठरवलेलं, झालेलं, फरक. फरकापुढं एका ओळीत कारण लिहायचं. मी फरक बघून ओशाळायची, तर ते म्हणायचे, "फरकाची शरम न्हाई बाई. कारण न्हाई लिवलं तर शरम." वकीलसाहेब दर बैठकीत कुठल्या ना कुठल्या बियाणे कंपनीकडून देणगी येणार असल्याचं सांगायचे. ती मी जमेत धरली होती. काकांनी ती खोडली. "ऊस रानात उभा हाय. काट्यावर येऊ द्या, मंग लिवू." वकीलसाहेबांना ते फार झोंबलं. आणि त्या वर्षी तो ऊस काही काट्यावर आला नाही.

एक गोष्ट मी त्यांच्यापासून तीन महिने लपवली. पुण्याच्या एका ट्रस्टनं आम्हाला ओव्यांच्या कॅसेटी संगणकावर चढवण्यासाठी पैसे दिले होते. त्या कामाचेच, दुसऱ्या कशाला लावायचे नाहीत असे. त्यातले निम्मे मी भाड्यात घातले होते. चोरी केली असं मला वाटलंच नव्हतं. दप्तरखाना राहिला तर कॅसेटी राहणार, मग भाडं काय वेगळं, असा माझा हिशोब. पण रकाने भरता भरता ते पान आलंच, आणि मी सांगून टाकलं.

काकांनी टोपण पेनाला लावलं, काढलं, परत लावलं. "बाई," ते म्हणाले, "कोण्या दुसऱ्याच्या उसाची मोळी तुमी आपल्या गाडीत टाकली. वजन वाढलं, पण ते आपलं न्हाई."

"मग आता काय करू?"

"सांगायचं. ज्याची मोळी त्याला."

आम्ही पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं, कारण मी प्रत्येक वेळी त्यात आमच्या कार्याची थोरवी घालायची आणि काका ती काढायचे. किती आले, कशाला लागले, कधी भरून देऊ, एवढंच राहिलं. ट्रस्टचं उत्तर सभ्य होतं. हप्त्यानं परत करा, आणि पुढच्या वर्षीची मदत थांबवत आहोत. वकीलसाहेब टेबलावर हात आपटून म्हणाले, "खरं सांगायची एवढी काय घाई होती?" मी काकांकडे बघितलं. आता ते काहीतरी ठणकावून बोलतील असं वाटलं होतं. ते खाली बघत राहिले. जिना उतरताना म्हणाले, "साहेब बी चूक न्हाईत. मलाबी वाटलं व्हतं ते समजून घेतील." त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांची भीती नाही, माया वाटली.

वीजबिलाची युक्ती त्यानंतरची. कपाटाऐवजी लोकांनी एका महिन्याचं वीजबिल स्मरणार्थ द्यावं. जिन्यात फळा लावायचा, त्यावर खडूनं नाव. पहिलं नाव त्यांनी स्वतः लिहिलं, शाळेतल्या पोरासारखं सावकाश, ओळ वाकडी जाऊ न देता. 'या महिन्याचा उजेड कै. कौसल्याबाई ढवळे यांच्या स्मरणार्थ.' त्या महिन्यात पंखे फिरले. काका एका पंख्याखाली खुर्ची ओढून अर्धा तास नुसते बसले होते. मला काम होतं तरी मी हाक मारली नाही.

पण लोकांना ते रुचलं नाही. मंठ्याच्या एक बाई आल्या होत्या, त्यांच्या वडिलांच्या नावाचं कपाट आमच्याकडं होतं. त्या फळा बघून चिडल्या. "आमच्या अण्णाच्या नावानं लाइटीचं बिल? महिना झाला का पुसून टाकायचं? कपाट कसं, जल्मभर राहातंय."

"राहातंय ना ताई," काका म्हणाले, "पण अंधारात कोणाला वाचू येतंय अण्णाचं नाव?"

बाईंना ते पटलं नाही. एकूण तीन महिन्यांचा उजेड जमला. चौथ्या महिन्यापासून फळा कोरा राहिला, आणि भाडं आधीच थकलेलं होतं. आडतवाल्या मालकानं नोटीस दिली. माणूस वाईट नव्हता. त्याला माडीवर हरभऱ्याची पोती ठेवायची होती आणि आम्ही नऊ महिने पैसे दिले नव्हते. दोन महिन्यांत जागा रिकामी करा, नाहीतर सामान खाली काढतो, एवढंच त्याचं म्हणणं.

ते दोन महिने मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. ज्या दारी गेले त्या दारी चहा मिळाला. पगारातून घातलं, भिशीचे घातले, नवऱ्याशी भांडण झालं. वर्गात शिकवताना मध्येच थांबायची, पोरं एकमेकांकडे बघायची. दप्तरखान्यात येऊन मोडी कागद बांधून ठेवलेल्या रुमालांना हात लावून बसायची आणि रडायची, हे लपवण्यात काही अर्थ नाही. काका यायचे, एक वाजला तरी डबा उघडायचे नाहीत. भूक नाही म्हणायचे. उन्हाळ्यानं होतंय, म्हणायचे. सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा दिसायचा, तेही मी बघत होते, पण माझी नजर त्यांच्यासारखी नव्हती.

नोटिशीची मुदत संपायला तीन आठवडे उरले तेव्हा त्यांनी एका कागदावर सगळं मांडून आणलं आणि बैठकीत ठेवलं. जुन्या जालन्यात एक खोली होती, भाडं चौथा हिस्सा. भिंतीत शहाबादी फरश्यांचे कप्पे बसवलेले. तिथं सगळे रुमाल, सगळ्या कॅसेटी मावतील. मावणार नाहीत ती कपाटं. मालकाचे थकलेले नऊ महिने, नव्या खोलीची अनामत, ट्रस्टचे हप्ते, असे तीन आकडे कागदावर होते आणि खाली, एकाच ओळीत, अकरा कपाटं आणि नऊ पंखे, भंगाराच्या भावानं.

"म्हणजे लोकांचे आईबाप भट्टीत घालायचे?" वकीलसाहेब म्हणाले.

"कपाट वाचवायचं का कागद, तेवढं सांगा साहेब," काका म्हणाले. "दोन्ही घेऊन ही गाडी हलत न्हाई. मी लई बार करून बघितलं."

शेवटी ठराव मीच मांडला. पुढचे आठ दिवस काका एकेका घरी फोन करत होते. कोण शिव्या देई, कोण रडे, कोण कपाट परत घेऊन जाई. अशी दोन गेली, त्यात मंठ्याच्या अण्णांचंही. उरलेल्या नऊ कपाटांवरची आणि पंख्यांवरची नावं त्यांनी एका वहीत उतरवून घेतली, रंग उडालेली अक्षरं बोटानं चाचपून. ती वही आज जुन्या जालन्यातल्या खोलीत पहिल्या कप्प्यात आहे.

मी काकांना शेवटचं बघितलं ते काट्यावर.

आमच्या गावात लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्यांना तोटा नाही. त्यांना माल पुरवणाऱ्या एका भंगारवाल्याशी सौदा ठरला. सकाळी काकांनी रिकामा टेंपो आधी काट्यावर नेऊन तोलला आणि चिठ्ठी खिशात ठेवली. भंगारवाला हसत होता, टेंपोचं वजन मला तोंडपाठ आहे म्हणत होता. "असू द्या," काका म्हणाले. "मला न्हाई ना पाठ." मग माडीवरून कपाटं उतरली. जिन्यात त्यांचा जो आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. पुढं ड्रायव्हरशेजारी एकच जागा होती, ती त्यांनी मला दिली आणि स्वतः मागं, कपाटांच्या फटीत, पंख्यांची पाती धरून बसले.

काट्यावर टेंपो उभा राहिला. ड्रायव्हर उतरला, मी उतरले. काट्याच्या खोलीच्या खिडकीवरच्या पडद्यावर लाल आकडा स्थिरावला, आतल्या माणसानं चिठ्ठी फाडली, भंगारवाल्यानं पैसे मोजून माझ्या हातात दिले. मी मनात तिन्ही आकडे मांडले. मालक, अनामत, ट्रस्टचा हप्ता. बसत होतं. अगदी काठावर, पण बसत होतं. किती महिन्यांनी मला श्वास घेतल्यासारखं झालं.

"थांबा," मागून आवाज आला. "मी वर हाय."

कपाटांमधून त्यांना उतरता येत नव्हतं. मी टेंपोच्या मागं गेले. हात दिला नाही. मी हळूच म्हणाले, "काका, राहू द्या. एवढ्यानं भंगारवाल्याचं काय जातंय? आपलं काठावर बसलंय हो." मी अक्षरशः गयावया करत होते.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागावले नाहीत. "बाई," एवढंच म्हणाले, "दुसऱ्याची मोळी."

मग ड्रायव्हरनं आणि मी मिळून त्यांना खाली घेतलं. ते एकेक पाऊल टाकत लोखंडी पाटावरून चालत गेले आणि कडेच्या मातीत उभे राहिले. मी पडद्याकडे बघत होते. ऐंशी किलोचे पैसे परत द्यायचे म्हणून नोटा वेगळ्या करून धरल्या होत्या.

आकडा पन्नासनं उतरला.

तीस किलोचे पैसे वाचले, हा पहिला विचार माझ्या मनात आला. तो मी कुणापासून लपवणार नाही. मग मी पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि मग त्यांच्याकडे. पायजम्याची नाडी दोनदा गुंडाळलेली होती. बाहीचं बटण लावलेलं होतं आणि मनगट आत हलत होतं. त्यांनीही आकडा बघितला होता. गाडीवाल्यांसमोर रोज सकाळी उभं राहणारा माणूस, त्यानं तो नीट, सावकाश वाचला.

"काटा बराबर हाय," ते खिडकीतल्या माणसाला म्हणाले. "चला, जल्दी दुसरी चिठ्ठी करा."